फिन ट्यूबची संख्या काढताना: बेअर एरियाचा यू आणि फिन एरियाचा यू

रबाळे घ्या, महापे घ्या नाहीतर वागळे इस्टेट, एअर कूलरला (पंख्याच्या हवेने आतलं लिक्विड थंड करणारा) फिन ट्यूबा, म्हणजे बाहेरून पातळ चकत्या बसवलेल्या ट्यूबा, किती लागतील हे काढताना गाडी एकाच जागी अडते. क्यू बरोबर यू ए एलएमटीडी (क्यू काढायची उष्णता, यू उष्णता जाण्याचा दर, ए एरिया, एलएमटीडी दोन्ही बाजूंच्या तापमानातला सरासरी फरक) सगळ्यांना पाठ आहे, त्या फरकाला लावायचा करेक्शन फॅक्टरही माहितीय, ते सोडा. यू कुठल्या एरियावरचा आहे हे मात्र कोणी विचारतच नाही.

नेहमीचीच ट्यूब घ्या, २५.४ मिमी ओडी (बाहेरचा व्यास), फिनसकट ५७, इंचाला १० फिन, फिनची जाडी ०.४. एक मीटर नुसत्या ट्यूबचा बाहेरचा एरिया (बेअर एरिया) ०.०८ चौ.मी. आणि फिन धरून (फिन एरिया) १.७ च्या आसपास, म्हणजे साधारण साडेएकवीस पट. आता समजा ६०० किलोवॅट काढायचेत, करेक्शन लावून एलएमटीडी ४० डिग्री, बेअर एरियावरचा यू ४५० (वॅट प्रति चौ.मी. प्रति डिग्री). एरिया आला ३३.३ चौ.मी., ६ मीटरच्या एका ट्यूबचा ०.४८, भागा, ७० ट्यूबा. हेच फिन एरियावर करायचं तर यूपण साडेएकवीसने भागावा लागतो, तो येतो २१, एरिया ७१७, एका ट्यूबचा १०.३, परत ७०च.

पण होतं काय, यू ४५० चाच ठेवतात आणि भागतात १०.३ ने. उत्तर ४ ट्यूबा! अरे, ६०० किलोवॅटला चार? उलटं केलं, म्हणजे यू २१ चा आणि भागलं ०.४८ ने, की दीड हजार. ही दोन्ही उत्तरं निदान बघताक्षणी खटकतात तरी. खरा घात तिसरा आहे, व्हर्नियर फिनच्या टोकांवर लावायचा, ५७ मिमी वाचायचं आणि तेच पाय डी एल (पाय गुणिले व्यास गुणिले लांबी, म्हणजे ट्यूबचा एरिया) मध्ये टाकायचं. मग येतात ३१ ट्यूबा, आकडा दिसायला अगदी सोज्वळ, कोणाला शंकाही येत नाही, आणि कूलर निम्म्याहून लहान बनतो.

फिन एफिशियन्सीचंही (फिनचा सगळा भाग सारखा काम करत नाही, त्यासाठीचा गुणक) तेच, ती यू काढतानाच धरलेली असते, परत एरियाला लावू नका.

माझ्यापुरतं म्हणाल तर हिशोब बेअर एरियावरच करावा. फिन दाटीने बसवले की एरिया फुगतो, पण फिन एरियावरचा यू पडतो, आणि तरी कोटेशनमध्ये मोठा आकडा ठळक टाइपात छापून "आमचा एरिया जास्त" म्हणणारे वेंडर आहेतच, त्यांना सरळ विचारा, ट्यूबा किती आणि लांबी किती. एपीआय ६६१ या एअर कूलरच्या स्टँडर्डच्या डेटाशीटमध्ये दोन्ही एरिया आणि दोन्ही यू वेगवेगळे भरायचे असतात, ते काय उगाच नाही.

रो आणि पासचं फार काही नाही. रो म्हणजे हवेच्या वाटेत एकामागे एक किती ओळी, पास म्हणजे आतलं लिक्विड किती फेऱ्या मारतं. आपल्या ७० ट्यूबा चार रोमध्ये १८, १७, १८, १७ अशा छान बसतात, दोन पास केले तर प्रत्येकात ३५. आकडा ७२ आला असता तर १८, १८, १८, १८ करून पुढच्या रोला अर्धा पिच (शेजारच्या दोन ट्यूबांमधल्या अंतराच्या निम्मं) सरकवायचा, बाजूला हवा निसटू नये म्हणून पट्टी मारायची आणि ड्रॉइंग सोडायचं.