पार्श्वभूमी: राजा येईपर्यंत अर्धं नाटक

प्राचीन ग्रीक नाटककार इस्किलसचं ‘अ‍ॅगमेम्नॉन’ पहिल्यांदा वाचणाऱ्याची तक्रार बहुधा ठरलेली असते: काही घडतच नाही. तक्रारीत तथ्य आहे. नाटक १६७३ ओळींचं. राजा अ‍ॅगमेम्नॉन तोंड उघडतो ८१०व्या ओळीला, बायको त्याला मारते तेव्हाची किंकाळी महालाच्या आतून ऐकू येते १३४३व्या ओळीला. तोवर पहारेकरी, निरोप्या, म्हाताऱ्यांचा वृंद (म्हणजे नाटकातला गाणारा-नाचणारा समूह) आणि त्यांची गाणी.

तक्रार नवी नाही. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४०५च्या ‘बेडूक’ या प्रहसनात इस्किलसनंतरचा नाटककार युरिपिडीस पाताळात बसून हेच उकरून काढतो: हा इस्किलस पुराणकथांतल्या निओबीला नाहीतर अकिलीसला तोंड झाकून बसवतो, ती हूं की चूं करत नाहीत, आणि वृंद गाण्यांवर गाणी रेटतो. त्यावर डायोनायसस म्हणतो, मला तर ती शांतता आवडायची. नाट्योत्सव ज्याच्या नावाने, तो देव कंटाळला नव्हता म्हणायचा! शिवाय अ‍ॅरिस्टॉटलच्या नोंदीप्रमाणे दुसरा नट आणून वृंदाचा भाग कमी केला तो इस्किलसनेच.

खरा घोळ ‘स्टासिमोन’ या शब्दाने घातला. दोन प्रवेशांमधल्या वृंदगीताचं हे नाव ‘उभं राहणे’ या अर्थाच्या धातूवरून आलं. पुढच्या टीकाकारांपैकी काहींनी त्याचा शब्दशः अर्थ लावला: वृंद एका जागी उभा राहून गायचा. आज सर्वसाधारणपणे मानलं जातं ते वेगळं: वृंद आत येऊन आपली जागा घेतो, त्यानंतरचं ते स्टासिमोन. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे मुळात नाचायची जागा, ‘स्ट्रोफी’ म्हणजे वळण. कडव्याचं वृत्त पुढच्या कडव्यात जसंच्या तसं परत येतं. अशी गाणी पुतळ्यासारखं उभं राहून कोण म्हणेल? संगीत आणि पदन्यास हरवले, शब्द उरले, आणि आपण ते संवादासारखे वाचतो.

वृंदाचं प्रवेशगीत तर २१८ ओळींचं आहे. त्यातच औलिस बंदरातल्या वेदीवरची इफिजेनाया आहे, अ‍ॅगमेम्नॉनने बळी दिलेली त्याची स्वतःची मुलगी: तोंडात बोळा, केशरी वस्त्र जमिनीवर ओघळलेलं, मारणाऱ्या एकेकाकडे पाहणारे डोळे. वृंद नेमका तिथे थांबतो. पुढचं पाहिलं नाही, सांगतही नाही. बायको नवऱ्याला का मारते ते इथेच कळतं. घाईत पानं उलटणाऱ्याकडून नेमकं हेच सुटतं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दिग्दर्शकांनी ही लांबी पुन्हा अंगावर घेतली. १९८० मध्ये बर्लिनला, ‘अ‍ॅगमेम्नॉन’ जिचा पहिला भाग आहे ती अख्खी नाट्यत्रयी सुमारे नऊ तास चालली. १९८१ मध्ये लंडनला ती मुखवट्यांत झाली. १९९०पासून पॅरिसच्या एका जुन्या काडतूस-कारखान्यात वृंद खरोखर नाचला, वेशभूषेवर कथकळीची छाप होती. तिथे ‘अ‍ॅगमेम्नॉन’च्या आधी इफिजेनायाचं स्वतंत्र नाटकही जोडलं गेलं. ते युरिपिडीसचं होतं.