बायोसची फाइल तुम्हीच का शोधायची?

जुन्या गेम कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, इन्स्टॉल झाला, कंट्रोलर जोडला, गेमची फाइल उघडली आणि समोर काळी स्क्रीन. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं, बायोस सापडला नाही. प्लेस्टेशनचा एम्युलेटर पहिल्यांदा लावणारा हमखास इथे अडतो. एम्युलेटर लिहून फुकट देणारी मंडळी कन्सोल सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, म्हणजे बायोसची, ५१२ केबीची ही एक फाइल तेवढी का देत नाहीत? उत्तर कोर्टात सापडतं.

‘एम्युलेटर’ हा शब्द मुळात गेमवाल्यांचा नाही. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० आणली, तेव्हा जुन्या १४०१ वरचे प्रोग्राम टाकून द्यायला गिऱ्हाईक तयार नव्हतं. म्हणून नव्या यंत्राला जुन्याचं सोंग घ्यायला लावलं.

घरच्या पीसीला असं सोंग परवडायला नव्वदचं दशक उजाडलं. निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलचा प्रोसेसर जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झचा, मेमरी २ केबी. पण त्याची एकेक सूचना वाचून तिचा अर्थ लावायचा, तर पीसी कितीतरी पट वेगवान हवा. १९९७ मध्ये नेस्टिकल हा एनईएसचा एम्युलेटर आला आणि हे गेम साध्या पीसीवर सुरळीत चालू लागले. आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या, गेमसाठीचा मेम हा एम्युलेटरही त्याच वर्षीचा.

गंमत कार्ट्रिजची, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीची आहे. त्यातला डेटा नुसता उतरवून भागत नाही, कारण बऱ्याच कार्ट्रिजमध्ये मेमरीचे तुकडे अदलाबदल करणाऱ्या जादा चिपही असत. त्यांची खबर एम्युलेटरला कोण देणार? मरात फायझुलिन यांच्या आयनेस या एम्युलेटरपासून फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटांचा हेडर, म्हणजे ही माहिती देणारा मथळा, आला. आजही फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये अशी फाइल उघडली की पहिली तीन अक्षरं दिसतात एन, ई, एस. पुढे प्रोग्राम किती, चित्रं किती आणि मॅपरचा, म्हणजे त्या जादा चिपच्या रचनेचा, नंबर. तो नंबर चुकला की गेमची प्रत अगदी बिनचूक असूनही पडद्यावर नुसता कचरा.

एनईएसमध्ये कार्ट्रिज खोचलं की त्यातला प्रोग्रामच थेट सुरू होई, त्यामुळे वेगळ्या बायोसचा प्रश्न नव्हता. प्लेस्टेशनचा सुरुवातीचा प्रोग्राम मात्र यंत्रातल्या चिपवर, आणि त्यावर सोनीचा कॉपीराइट. १९९९ मध्ये कनेक्टिक्स या कंपनीने मॅकसाठी व्हर्च्युअल गेम स्टेशन हा प्लेस्टेशनचा एम्युलेटर काढला. त्यांच्या इंजिनिअरांनी अभ्यासासाठी तो बायोस पुन्हापुन्हा कॉपी केला, पण विकायच्या मालात स्वतः लिहिलेला कोड घातला. सोनीने दावा लावला, खालच्या कोर्टाने विक्री रोखली. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील कोर्टाने तो हुकूम फिरवला. अभ्यासापुरती केलेली नक्कल कॉपीराइट कायद्यातल्या ‘योग्य वापरात’ बसते, असं ठरलं. पण हा विजय कनेक्टिक्सच्या कामी आला नाही. २००१ मध्ये सोनीने ते उत्पादनच विकत घेऊन बंद केलं. कोर्टात सोनीपुढे टिकलेल्या ब्लीम या दुसऱ्या प्लेस्टेशन एम्युलेटरच्या कंपनीनेही त्याच वर्षी गाशा गुंडाळला.

फुकट एम्युलेटर लिहिणाऱ्यांना यातून सीमारेषा कळली. यंत्राचं वागणं स्वतः लिहून काढा, सोनीचा कोड वाटू नका. काही जण बायोसचीही नक्कल लिहितात, पण काही गेम तिच्यावर अडखळतात. म्हणून बायोस स्वतःच्या कन्सोलमधून काढून घ्या, असं सांगितलं जातं.

फाइलचं नावही नेमकं लागतं. scph1001 असं जे रोमन लिपीत लिहितात, ते म्हणजे एससीपीएच-१००१, अमेरिकेत विकलेल्या प्लेस्टेशनचा मॉडेल नंबर. अनेक एम्युलेटर एकाच जागी चालवणारा रेट्रोआर्क हा प्रोग्राम ही फाइल ‘सिस्टीम’ फोल्डरमध्ये शोधतो. माझी एक अख्खी संध्याकाळ तिथेच गेली होती: एक्स्टेंशन लपवलेलं असल्याने नावापुढे ‘डॉट बिन’ दोनदा लागलं होतं.