विकासाचा अनुशेष (महाराष्ट्र)

सार्वजनिक सोयींच्या बाबतीत एखादा जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा जेवढा मागे असेल, तेवढी तूट भरून काढण्यास लागणारा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. राजकीय भाषणांत या शब्दाची व्याप्ती बरीच मोठी असते. येथे तो शासकीय समित्यांनी ठरविलेल्या मर्यादित अर्थाने घेतला आहे.

उगम : या संकल्पनेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १९४७ च्या अकोला करारापर्यंत मागे नेतात. बहुतेकांच्या मते मराठी प्रदेशांच्या एकत्रीकरणासाठी तेथील नेत्यांत झालेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार हा आरंभबिंदू होय. या कराराने निधीवाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे ठरविले. मराठवाड्याची अविकसित स्थिती लक्षात घेऊन त्याच्याकडे विशेष लक्ष पुरविण्याचे व त्याविषयीचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याचेही त्यात मान्य झाले. विदर्भासाठी मात्र मागासलेपणाची भाषा करारात नाही. जुन्या मध्य प्रदेशात विदर्भ हा महसुली शिलकीचा प्रदेश गणला जाई. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये त्याच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली, तीही अंशतः याच आधारावर. म्हणजे कराराने विदर्भाला दिलेली हमी हिश्शाची होती; सरासरी गाठून देण्याची नव्हती. सातव्या घटनादुरुस्तीने (१९५६) अनुच्छेद ३७१ मध्ये स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली, पण तूट मोजण्याची रीत त्यातही सांगितलेली नाही. त्यामुळे आजच्या अर्थाचा अनुशेष १९८४ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मापनपद्धती : १९८३ मध्ये राज्य शासनाने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल पुढच्या वर्षी आला. जिल्हा हे एकक व राज्याची सरासरी ही पातळी धरून समितीने सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचे १,२४७, मराठवाड्याचे ७५१ व उर्वरित महाराष्ट्राचे १,१८९ कोटी होते. उर्वरित महाराष्ट्राचा आकडा मराठवाड्याहून मोठा कसा, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. उत्तर पद्धतीत आहे. बेरीज फक्त तुटीची होते; एका जिल्ह्याची आघाडी दुसऱ्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा होत नाही. त्यामुळे पुणे जिल्हा कितीही पुढे गेला, तरी त्यामुळे रत्नागिरीची तूट हिशेबात कमी होत नाही.

सिंचनाचा हिशेब सर्वांत गुंतागुंतीचा, आणि वादही तेथेच अधिक. उसाच्या एका हेक्टरला लागणाऱ्या पाण्यात रब्बी ज्वारीचे कितीतरी हेक्टर भिजतात. म्हणून नुसते हेक्टर न मोजता सिंचनक्षमतेचे आधी रब्बी ज्वारीच्या समतुल्य क्षेत्रात रूपांतर करतात, मग ते निव्वळ पेरणी क्षेत्राशी ताडून पाहतात. दुसरी अडचण सरासरीची. मागे असलेले जिल्हे वर आले की सरासरीही वर सरकते व नवा अनुशेष निघतो. ही शर्यत थांबविण्यासाठी पुढे १ एप्रिल १९९४ ची स्थिती गोठविण्यात आली. निर्देशांक व अनुशेष समितीने त्या तारखेचा अनुशेष सुमारे १४,००७ कोटी ठरविला : विदर्भ ६,६२४, मराठवाडा ४,००५, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८. निम्म्याहून अधिक रक्कम सिंचनाची होती. दोन्ही बेरजांमधील वाढीचा काही भाग किंमतवाढीचा असणार, त्यामुळे त्यांची थेट तुलना टाळावी. पश्चिम विदर्भातील अमरावती, अकोला, वाशिम व बुलडाणा या जिल्ह्यांत पैशाचा हिशेब मिटत आला तरी प्रत्यक्ष सिंचनाची तूट दीर्घकाळ उरली.

उद्योजकांची भूमिका : समित्यांनी अनुशेषासाठी मोजलेल्या नऊ क्षेत्रांत रस्ते, सिंचन, कृषिपंपांचे ऊर्जीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा इत्यादी येतात, उद्योग येत नाही. म्हणून व्यापारी व कारखानदार संघटनांचे म्हणणे प्रारंभापासून या हिशेबाच्या बाहेरच राहिले. त्यांना शासनाने किती खर्च केला यापेक्षा उत्पादनखर्च शेजारच्या राज्याच्या तुलनेत किती पडतो, हे महत्त्वाचे वाटते. जालन्याचे उदाहरण बोलके आहे. तेथे भंगार वितळवून बांधकामाच्या सळया करतात. कच्च्या मालाखालोखाल सर्वांत मोठा खर्च भट्टीच्या विजेचा असतो, त्यामुळे युनिटमागे रुपयाचा फरकही धंदा परराज्यात वळवू शकतो. विदर्भातील तक्रार आणखी टोकदार आहे : कोळसा आणि औष्णिक केंद्रे चंद्रपूर-कोराडीची, राख व धूर तिथलाच, दर मात्र सर्व राज्याचा. २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली, ती या मागणीच्या रेट्यामुळे.

याआधीचा उपाय १९६४ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचा. तीत पुढे तालुक्यांचे विकसितपासून मागासपर्यंत अ ते ड+ असे गट पडले व मागास गटाला विक्रीकरात अधिक सूट मिळू लागली. १९८० च्या दशकात मराठवाड्यातील वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याभोवती सुट्या भागांचे लघुउद्योग वाढले. योजनेचे यश म्हणून बहुधा हेच उदाहरण दिले जाते. परभणी-हिंगोलीकडे असे काही घडले नाही. सवलत आणते तो कारखाना. पुरवठादारांची साखळी, कुशल कामगार व बंदराची जवळीक ती आणू शकत नाही, हा आक्षेप ग्राह्य वाटतो.

लोकमत : स्वतंत्र विदर्भाचे समर्थक अनुशेषाचे आकडे पुरावा म्हणून मांडतात, विरोधक तेच आकडे दाखवून तो भरून काढता येतो असे म्हणतात. मराठवाड्यात चर्चा लवकरच गोदावरीवरील जायकवाडी धरणाच्या पाण्याकडे वळते. कोकणातून स्वतंत्र मंडळाची मागणी जुनी आहे. उत्तर महाराष्ट्राचे वेगळे मोजमाप ‘उर्वरित’ या नावाखाली झाकले जाते.

नंतरच्या घडामोडी : विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांची वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये अस्तित्वात आली. निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे गेली. मंडळांचे काम मुख्यतः पाहणी व शिफारशींचे होते. विजय केळकर समितीने (अहवाल २०१३) जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक घेण्याचा आग्रह धरला व तुटीच्या हिशेबाबरोबर वाढीचाही विचार मांडला. उद्योजकांच्या अपेक्षांशी हा अहवाल अधिक जुळतो, परंतु तो डिसेंबर २०१४ मध्ये सभागृहात मांडला गेल्यानंतर त्याच्या अंमलबजावणीविषयी फारशी नोंद नाही. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला.