धनुष्याने टर्कीची शिकार: हंगामाआधी तपासायच्या गोष्टी
(टेक्सासमधल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी)

टर्कीसाठी फार पौंडांचं, म्हणजे ओढायला फार जड, धनुष्य लागत नाही. कंपाउंडला (चाकांच्या धनुष्याला) ४० ते ५० पौंड पुरतात. खरा कस लागतो तो स्टुलावर बसून, अंग न हलवता दोरी ओढताना आणि नर नीट वळेपर्यंत ती ताणून धरताना. हरणासाठी ६५ पौंडांवर लावलेलं धनुष्य बसल्या जागी ओढायचं तर ते वर उचलावं लागतं, आणि टर्की नेमकी तीच हालचाल टिपते. तिला वासाचं फारसं कळत नाही, पण नजर विलक्षण तीक्ष्ण आहे. पौंड उतरवायला वरचा आणि खालचा लिंब बोल्ट (धनुष्याचे बाहू आवळणारे बोल्ट) सारखेच फेरे सैल करा. उत्पादकाने दिलेली मर्यादा ओलांडू नका. पौंड उतरले की बाण खाली बसतो, तेव्हा साइट (नेम धरायचं साधन) पुन्हा लावून घ्या.

ब्लाइंड आणि डेकॉय
हरणं नव्या तंबूला बिचकतात, टर्की सहसा नाही. ब्लाइंड, म्हणजे लपून बसायचा तंबू, त्याच पहाटे उभा केला तरी चालतो. आत काळे कपडे घाला, हात-चेहराही झाका, मागच्या खिडक्या बंद ठेवा. मागून उजेड आला की तुमची आकृती उठून दिसते.

डेकॉय (टर्कीचा नकली पक्षी) ब्लाइंडपासून ७-८ यार्डांवर ठेवा. हे अंतर कमी वाटतं, पण नर पुष्कळदा डेकॉयच्या अलीकडे-पलीकडे थबकतो, आणि तेव्हाही तो टप्प्यात राहायला हवा. जेकचा, म्हणजे कोवळ्या नराचा, डेकॉय असेल तर त्याचं तोंड ब्लाइंडकडे करा. मोठा नर त्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहतो, म्हणजे तुमच्याकडे पाठ. पिसारा फुलवला की त्याचं डोकं पिसाऱ्याआड जातं. दोरी ओढायची ती याच क्षणी.

एक चूक फार जणांची होते. साइटमधून पक्षी स्वच्छ दिसतो, बाण सुटतो आणि खिडकीच्या खालच्या कापडाला घासून भरकटतो. कारण साधं आहे: बाण नजरेच्या रेषेच्या तीन-चार इंच खालून निघतो. याच फरकामुळे अगदी जवळून बाण नेमाच्या खाली लागतो. घरी स्टुलावर बसून ३, ५ आणि १० यार्डांवर बाण मारून पाहा आणि कुठली पिन (साइटमधला नेमाचा ठिपका) कुठे बसते ते लिहून ठेवा. खिडकीला जाळी असेल तर मेकॅनिकल ब्रॉडहेडची (आपटल्यावर उघडणाऱ्या पात्यांच्या बाणाच्या टोकाची) पाती जाळीतच उघडू शकतात; जाळी काढा किंवा स्थिर पात्याचं ब्रॉडहेड लावा.

नेम कुठे?
फुललेला नर दिसतो तेवढा मोठा नसतो. बरीचशी नुसती पिसंच असतात. हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम मुठीएवढी, आणि नवख्याला वाटते त्याहून वर आणि मागे. छातीच्या पुढच्या फुगीर भागावर मारलेला बाण मांसातून जातो, पक्षी जखमी होऊन निघून जातो आणि हाती लागत नाही. आडवा उभा असेल तर पायाची रेघ वर नेत पंखाच्या मुळाशी नेम धरा. समोरून, दाढी (छातीवरचा केसांसारखा झुपका) उगवते त्याच्या जरासा वर. पाठमोरा आणि फुललेला असेल तर पिसाऱ्याच्या बुडाशी, मधोमध. चालत्या नरावर बाण सोडू नका, थांबू द्या.

ब्रॉडहेड दोन इंच कापणारं घ्या. मान छाटणारी रुंद पात्यांची ब्रॉडहेड आखूड कापलेल्या बाणावर लावू नका. दोरी ओढल्यावर पाती रायझरला (धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागाला) किंवा थेट तुमच्या हाताला लागतात. असे बाण आम्ही न कापता, पूर्ण लांबीचेच देतो.

बाण लागल्यावर पक्षी कुठे जातो त्यावरून नजर हटवू नका. रक्त पिसांतच मुरतं, माग फारसा मिळत नाही. दुसरा बाण लगेच चढवा. पक्षी उचलताना जपून, पाती आत राहिलेली असू शकतात.

परवाना आणि सुरक्षा
शिकारीच्या परवान्यासोबत अपलँड गेम बर्ड एंडोर्समेंट (टर्कीसारख्या पक्ष्यांसाठीची परवान्यावरची जादा नोंद) लागते, आणि २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन (शिकारीचा सुरक्षा-कोर्स). तुमच्या काउंटीच्या तारखा आणि मर्यादा दर हंगामात नव्याने पाहा. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको. नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि दुसरा शिकारी फसू शकतो. डेकॉय नेताना पिशवीत झाकून न्या.

सुट्टीत भारतात जाताना हे सामान शिकारीसाठी नेऊ नका. तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे.

बसून ओढायची सवय नसेल तर धनुष्य घेऊन दुकानात या, पौंड आणि पिन आम्ही तुमच्यासमोर लावून देऊ.