लाकूड मेलं तरी हलतं

‘‘शंभर वर्षांचं सागवान आहे साहेब, कधीच मेलंय. आता हलायचं नाही.’’ पंचवटीतला एक वाडा पाडला, त्याची तुळई विकताना वखारवाल्याने ही हमी दिली आणि मी ती खिशात घातली. गच्चीवरच्या खोलीत १:७२ प्रमाणात तीन डोलकाठ्यांचं जहाज बांधायचा बेत होता. एप्रिलमध्ये ५ मिमी जाडीच्या फासळ्या कापल्या आणि कण्याला तेवढ्याच रुंदीच्या खाचा पाडल्या. एकेक फासळी अलगद बसत होती. ऑगस्टमध्ये जोडायला घेतल्या, तर एकही आत शिरेना.

सागाचा गाभा झाड उभं असतानाच मेलेला असतो, तेव्हा जिवंत-मेलेलं हा प्रश्नच नाही. लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांच्या असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. हवेतली वाफ या साखळ्यांच्या मधे शिरते आणि त्यांना बाजूला सारते. कडब्याच्या पेंढीत आणखी ताटं खुपसली तर पेंढी जाड होते, लांब होत नाही. लाकडाचंही तसंच.

आता थोडं गणित. पेशीभिंती पाण्याने भरलेल्या असताना लाकडात सुक्या वजनाच्या सुमारे ३०% ओलावा असतो. तिथपासून पूर्ण सुकेपर्यंत सागवान खोडातल्या वलयांच्या कडेकडेने ५.८%, गाभ्याकडून सालीकडे २.५% आणि उभ्या धाग्यात जेमतेम ०.२% आटतं. (गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, म्हणजे लाकडाचे ‘किरण’, त्या दिशेची हालचाल रोखून धरतात, हे या फरकाचं एक कारण.) खोलीतली आर्द्रता ३०% असेल तर लाकडात सुमारे ६% ओलावा टिकतो, ८०% झाली की १६%. फरक १०, म्हणजे एकूण पल्ल्याचा तिसरा हिस्सा. माझ्या फासळ्यांची जाडी नेमकी वलयांच्या कडेने आलेली. ५ मिमीचे १.९% म्हणजे ०.१ मिमी, कागदाच्या एका पानाएवढी वाढ. खाचेची रुंदी मात्र कण्याच्या उभ्या धाग्यात मोजायची, ती आहे तिथेच! फासळी फुगली, खाच फुगली नाही.

यात सागवानाचा दोष नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. खऱ्या जहाजात हीच फूग कामाला येते. ओल्या फळ्या एकमेकींवर दाबतात, सांधे घट्ट होतात.

म्हणून माझ्या वर्कशॉपची पहिली खरेदी करवत नव्हे, हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा. तोही आधी तपासून घ्यायचा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखल होईल इतपतच पाणी घाला आणि हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५% दिसायला हवेत, कारण असं ओलं मीठ बंद हवेची आर्द्रता तेवढ्यावरच धरून ठेवतं. माझा ६९ दाखवत होता, म्हणजे दर वाचनात ६ मिळवायचे. फळ्या दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशा मांडणीवर आडव्या ठेवायच्या. धूळ ओढणारा पंखा आणि मास्क हवाच, लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारकांच्या यादीत आहे.

एका हितचिंतकांनी ईशान्य कोपऱ्यात पाण्याचा कलश ठेवायला सांगितलं, काम निर्विघ्न होतं म्हणे. लाकूड सुकवायच्या खोलीत उघडं पाणी! कलश खाली स्वयंपाकघरात गेला.

आता नव्या फळीचा एक तुकडा दर रविवारी सोनारकाट्यावर ठेवतो. वजन वाढायचं आणि घटायचं थांबलं की लाकूड खोलीशी जुळलं असं समजायचं. गेले दोन रविवार आकडा तोच आहे. खाचा पाडायला हरकत नव्हती, पण हवामान खात्याने परतीचा पाऊस सांगितलाय.