पोलिओ फक्त जाहिरातीने गेला नाही

अमिताभ बच्चन टीव्हीवर ‘दो बूंद जिंदगी की’ म्हणाले आणि देशातून पोलिओ गेला, असं आजही सर्रास सांगितलं जातं. जाहिरातीने डोसची तारीख घरोघरी पोचवली, हे खरंच. पण ती वर्षानुवर्षं चालू असतानाही २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण सापडले.

पश्चिम उत्तर प्रदेशात अडचण माहितीची नव्हतीच. तारीख ठाऊक असूनही दारं बंद व्हायची. थेंबांनी मुलं पुढे वांझ होतात, ही अफवा तर होतीच (ती साफ खोटी), पण तिच्या मुळाशी राग होता. गटार नाही, दवाखाना नाही, मग सरकार हे एकच औषध घेऊन पुन्हा पुन्हा का येतं? मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. त्याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

उत्तर दिलं ते वस्तीतल्याच बायकांनी. युनिसेफ आणि स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यातल्या या कार्यकर्त्या नवजात बाळांची नोंद ठेवत, नकार देणाऱ्या घरी पुन्हा जात, स्तनपान, हात धुणं, जुलाबावर जलसंजीवनी यांबद्दलही बोलत. इमामांनी मशिदींतून आवाहन केलं.

लसही सुधारली. जुलाबाने बेजार मुलांना अनेक डोस घेऊनही पोलिओ व्हायचा. २०१० मध्ये पोलिओच्या दोन प्रकारच्या विषाणूंवर एकाच वेळी चालणारी लस आली. नैसर्गिक, म्हणजे लसीतून न आलेल्या, विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला.