पार्श्वभूमी : ‘एर्लक्योनिग’ कॉमिकमध्ये येताना

जर्मन कवी ग्योथेची ही कविता १७८२ सालची. रात्री वाऱ्यातून एक बाप पोराला घेऊन घोडा दौडवतो, आणि पोराला ‘एर्लक्योनिग’ नावाचा भुताळी राजा बोलावताना दिसतो. तिचं विनोदी कॉमिक करायचं, तर काय काय आड येतं, ते हे. एका संगीत नाटुकल्यासाठी लिहिलेली आणि जर्मनीतल्या वायमार शहराजवळ इल्म नदीकाठी, उघड्या आभाळाखाली पहिल्यांदा गायलेली. १८१५ मध्ये व्हिएन्नातल्या अठरा वर्षांच्या एका पोराने, फ्रान्झ शुबर्टने, तिला नवी चाल लावली. त्या पियानोतल्या घोड्याच्या टापांनी कविता घरोघरी नेली. पुढे शाळांनी ती पाठ करून घेतली, आणि पाठ असलेल्या कवितेचं विडंबन व्हायला वेळ लागत नाही.

१९५२ मध्ये एका जर्मन मोटार-मासिकाने, बाजारात न आलेल्या गाडीचा चोरून काढलेला फोटो छापताना खाली याच कवितेच्या पहिल्या ओळींची नक्कल जोडली. तेव्हापासून चाचणीसाठी वेष पालटून फिरणाऱ्या गाडीला जर्मनीत ‘एर्लक्योनिग’च म्हणतात. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीत कॉमिक म्हणजे पोरं बिघडवणारा कचरा, असं शिक्षक-पालक बजावत होते. १९५३ मध्ये तरुणांना अपायकारक वाङ्मयाविरुद्ध कायदाही आला. गंमत अशी की, डोनाल्ड डक आणि इतर अमेरिकी बदकांच्या कॉमिकचं १९५१ पासून जर्मन भाषांतर करणाऱ्या बाई त्याच बदकांच्या तोंडी अभिजात कवितांच्या ओळी बेमालूम घालत होत्या. कचरा कुणाला म्हणायचं, ते आता उघडच आहे.

कॉमिक करताना खरा वाद त्या राजाचं चित्र काढायचं की नाही, यावर अडतो. कवितेत पोराला मुकुटधारी राजा दिसतो. बाप म्हणतो, धुक्याचा पट्टा आहे, वाळकी पानं सळसळताहेत, जुनी वाळुंजाची झाडं करडी दिसताहेत. खरं कोण, हे कवी सांगत नाही. चित्रात मात्र टाळता येत नाही : राजा काढला की बाप आंधळा ठरतो, वगळला की पोर तापात बरळतंय असं होतं. १९व्या शतकातल्या चित्रकारांनी तो काढलाच, लांब हातांसकट. विनोदी कॉमिकला तर मोह जास्तच, कारण भुताचं थोबाड हमखास हशा मिळवतं. मला तो हशा स्वस्त वाटतो. बऱ्याच छापील आवृत्त्यांत अवतरणचिन्हं फक्त राजाच्या बोलण्याला असतात. बाप-लेक त्यांच्याशिवाय बोलतात. म्हणजे कॉमिकची सोय आधीच झालेली आहे : राजाच्या बोलण्याचा फुगा तेवढा ठेवावा, बोलणाऱ्याकडे जाणाऱ्या शेपटीशिवाय. आणि हसायचं तर बापाला हसावं. आजच्या कॉमिकात घोड्याऐवजी उशिराची ट्रेन, बापाच्या हातात मोबाइल, मान वर न करता प्रत्येक गोष्टीचा खुलासा.

उरतो शेवट. बत्तीस ओळींची कविता जवळजवळ पूर्ण वर्तमानकाळात दौडते आणि पोर गेलं हे सांगणारं शेवटचं क्रियापद अचानक भूतकाळी येतं. विनोदी आवृत्तीत पोर गाढ झोपलंय असं दाखवून सुटता येतं. पण तसं केलं की बापाचे सगळे खुलासे बरोबर ठरतात, आणि मग त्याच्यावर हसायचं कशाला?